झा तेंग आजोबांचा मालक

आमच्या झा तेंग आजोबांनी जन्मात दोन कामं केली. पहिलं टर्की कापण्याच्या कारखान्यात, बावीस वर्षं. दुसरं मेलेल्या माणसांना वाट सांगण्याचं. ते वयाच्या अकराव्या वर्षी लाओसच्या डोंगरात सुरू झालं आणि फ्रेझ्नो शहरात अजून चालू आहे. पहिल्या कामाचा मालक कोण, असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. दुसऱ्याचा मालक कोण, हे विचारायला राज्याच्या कर खात्यातून एक बाई आल्या. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, पण ते कुठून मिळालं ते मी सांगितल्यावर शाळेतल्या कुणी माझ्याशी दोन दिवस नीट बोललं नाही.

आजोबा खेंग वाजवतात. बांबूच्या सहा वाकड्या नळ्या, मधे लाकडाचं पोकळ पोट. श्वास सोडतानाही वाजतो, घेतानाही वाजतो, त्यामुळे वाजवणारा दमला तरी सूर तुटत नाही. आम्हा म्हाँग लोकांत त्याचा प्रत्येक सूर म्हणजे शब्द असतो, पण तो जिवंत माणसाला उद्देशून नसतो. मेलेला माणूस ज्या ज्या गावी राहिला त्या प्रत्येक गावी त्याला उलट्या क्रमाने परत न्यायचं, तिथल्या राखणदाराचे लाकडापाण्यासाठी आभार मानायचे, आणि असं करत करत जन्मगावी पोचवायचं. तिथे त्याला सोडून वाजवणाऱ्याने एकट्याने मागे यायचं, तेही पावलांचा माग न ठेवता. घरात आजोबा ही धून कधीच सलग वाजवत नाहीत. शिष्यांना शिकवतातही तुकडे उलटसुलट करून. "वाट जुळली की कुणीतरी चालायला लागतं," म्हणतात. मी आईची, बाबांची, मास्तरांची, सगळ्यांची नक्कल करते, पण ह्या वाक्याची केली तेव्हा आजीने मला लाटणं फेकून मारलं होतं.

आता पाहुआमावशी. नात्याची नव्हे, पण गावातले सगळे तिला मावशीच म्हणतात. बेदाणे भरायचं एक जुनं गोदाम घेऊन तिने त्याचा अंत्यविधीचा हॉल केला. आमच्यात विधी चार दिवस चालतो, रात्रंदिवस ढोल वाजतो, मोठाल्या पातेल्यांत डुकराचं मटण शिजतं. एवढा गोंगाट चालवून घेणारी दुसरी जागा आमच्या भागात नाही. मावशीचं बोलणं धबधब्यासारखं. वाक्य सुरू करते "आता माझं काय म्हणणं आहे" असं, आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत कळत नाही.

मावशीची चूक अगदी साधी होती. पूर्वी खेंगवाल्याला, ढोलवाल्याला घरचे लोक गुडघ्यावर बसून स्वतःच्या हाताने पाकीट द्यायचे, वर डुकराचा मागचा पाय. मग लोक विमा उतरवायला लागले. विमा कंपनी पैसे देते ते हॉलच्या बिलावर, म्हाताऱ्याच्या हातात नाही. लोक म्हणाले, मावशी, वाजवणाऱ्यांचंही तुझ्याच बिलात धर. मावशीने धरलं आणि त्यांचे चेक ती स्वतःच्या सहीने फाडू लागली. झालं, कागदावर ती त्यांची मालकीण झाली. खात्याचं म्हणणं, हे लोक तुमचे नोकर, मग त्यांच्या पगारातून कर का कापला नाहीत? तीन वर्षांचा कर, दंड आणि व्याज मिळून सव्वा लाख डॉलर. वाजवणारे नोकर ठरले तर हॉल विकावा लागणार होता, आणि गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. त्याला तिथे गाड्या धुण्याचं केंद्र काढायचं होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी आजोबांना जबाबासाठी बोलावलं. धुकं असं की गाडीच्या नाकापुढचं दिसत नव्हतं. मी अंदाजाने गाडी चालवत त्यांना हॉलवर नेलं.

कर खात्याच्या बेडरोसियनबाई बारीक, करड्या केसांच्या. आवाज वाढवत नसत, प्रत्येक प्रश्नानंतर पेनाचं बटण दाबत. टक्. मावशी दुभाषी. बाईंनी आधीच बजावलं, "मी सगळं ध्वनिमुद्रित करतेय. नंतर आमच्या दुभाष्याकडून तपासून घेईन." टक्.

"तुमच्या कामाची वेळ कोण ठरवतं?"

"जो मरतो तो," आजोबा म्हणाले.

मावशीने भाषांतर केलं, "घरचे लोक."

"साधनं कुणाची?"

"खेंग माझा. फुप्फुसं माझी."

"काम कसं करायचं ते कोण सांगतं?"

आजोबांनी डोळे मिटले. "मी वाट सांगतो, तो चालतो. तो दमला की मी हळू होतो. तो थांबला की मी थांबतो. तिथे माझं काही चालत नाही बाई, मी नुसता तोंडाने पुढे असतो."

"अनुभवी आहेत," मावशी म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "ते एवढं बोलले आणि तुम्ही एक शब्द?"

मावशीने निमूटपणे सगळं सांगितलं. बाईंनी लिहिलं. मग विचारलं, "काम मधेच सोडून जाता येतं?"

"मधे सोडलं तर दोघंही तिथेच राहू."

"कुठे?"

"तेच ना," आजोबा म्हणाले. "कुठे ते माहीत असतं तर परत आलो नसतो का?"

मग ते जरा सरसावून बसले. "हिला सांग, नोकरी म्हणजे काय ते मला कळतं. टर्कीच्या कारखान्यात भोंगा वाजला की कापायचं, भोंगा वाजला की थांबायचं. लघवीला हात वर करून जायचं. बावीस वर्षं. माझ्या ह्या कामात भोंगा कुठे आहे ते दाखव म्हणावं."

डुकराच्या पायाची बाजारभावाने किंमत किती, यावर दहा मिनिटं गेली. पाय पुढचा की मागचा, यावर मावशी आणि आजोबांचंच भांडण झालं. शेवटी बाई म्हणाल्या, "मला एक मिनिट वाजवून दाखवाल? नेमकं काय काम आहे ते समजावं म्हणून."

"कुणासाठी?" आजोबांनी विचारलं.

"कुणासाठी असं नाही. असंच."

"असंच वाजवलं तर ते कुणाला तरी शोधायला लागतं," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी खोलीतल्या आम्हा तिघींकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडे पाहून नजर लगेच काढून घेतली. बाईंनी पेन नुसतं धरून ठेवलं. टक् झालं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "मी हॉलच्या एकोणीस कामगारांना प्रश्नावली पाठवली होती. एक न पोचताच परत आली. ब्लिया खांग. कागदी नाण्यांच्या घड्या घालणाऱ्या." हे कागद म्हणजे मेलेल्याच्या वाटखर्चाचे पैसे.

"ब्लिया आजी?" मावशी म्हणाली. "अगंबाई, ती तर वारली गेल्या आठवड्यात! ह्या शनिवारी तिचंच आहे. आजोबाच वाजवणार आहेत."

"मग शनिवारी येते. काम प्रत्यक्ष बघायला हवंच होतं," असं म्हणून बाईंनी ते पाकीट फायलीत सरकवलं. त्यावरचा पत्ता आम्ही कुणी पाहिला नाही.

शनिवारी सकाळी नऊला आजोबांनी सुरुवात केली. ब्लिया आजी तागाच्या कपड्यांत, उताणी निजली होती. पायात तागाचीच पायताणं, उशाशी वाटेवर सोबतीला कोंबडा. तिचा मुलगा लेंग पांढऱ्या फडक्याने डोकं बांधून बाजूला बसला होता. आई कुठे कुठे राहिली त्याची यादी त्यानेच सांगितली होती: आधी फ्रेझ्नो, मग थायलंडची छावणी, मग लाओसमधली चार गावं. लेंगची सवय अशी की बोलण्याआधी घसा दोनदा खाकरतो, खोटं बोलायचं असेल तर तीनदा. यादी सांगताना त्याने तीनदा खाकरलं होतं. मला ते ऐकू आलं होतं, पण लेंगला सर्दी असते नेहमी.

बेडरोसियनबाई शेवटच्या रांगेत. काळा कोट, मांडीवर फाइल, हातात घड्याळ. आजोबा ढोलाभोवती वाकून, गिरक्या घेत फिरत होते, म्हणजे वाईट काही मागे लागलं तर त्याला दिशा कळू नये. सूर त्या गोदामाच्या पत्र्याला चिकटून राहात होता. बाहेर धुकं इतकं दाट की दारापाशी उभे असलेले लोक अर्धेच दिसत.

सव्वाअकरा झाले आणि मावशीच्या मनात कायदा शिरला.

कामगाराला चार तासांत दहा मिनिटं विश्रांती द्यावी लागते, नाहीतर दंड, असं तिने आदल्या रात्री वाचलं होतं. म्हाताऱ्याने सव्वादोन तास श्वाससुद्धा खाली ठेवला नव्हता. मागे बाई घड्याळ धरून बसलेल्या. मावशी उठली, सगळ्यांच्या देखत ढोलापर्यंत गेली आणि ओरडली, "काका! ओ काका! दहा मिनिटं सुट्टी घ्या! कायदा आहे!"

आजोबा तिला वळसा घालून पुढे गेले.

"अहो काका, थांबा म्हणते ना मी!"

"पाहुआ," लेंगची आत्या दातांतून म्हणाली, "तुझ्या मयताला मी येऊन असंच ओरडेन हं. खाली बस."

मावशी परत आली. बाई लिहीत होत्या. त्यांनी मान न उचलता विचारलं, "तुम्ही त्यांना थांबायचा हुकूम दिलात?"

आपण काय करून बसलो ते मावशीला तेव्हा कळलं. हुकूम देतो तो मालक. "आता माझं काय म्हणणं आहे..." इथपर्यंत आली आणि जन्मात पहिल्यांदा तिला पुढे काही म्हणायचंच नव्हतं.

"ते थांबले नाहीत," बाई म्हणाल्या. "बघू या."

आणि मग वीसेक मिनिटांनी आजोबा थांबले.

सकाळपासून जो सूर श्वास घेताना आणि सोडताना सतत कानात होता तो गेला, आणि तिथे भोक पडलं. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. हॉलमध्ये तीनशे माणसं होती, पण भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाचा आवाज ऐकू येत होता. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं. मावशी माझ्या कानात म्हणाली, "गेला गं हॉल. म्हाताऱ्याने माझं ऐकलं. तेवीस वर्षांत कधी ऐकलं नाही, आज ऐकलं."

आजोबा उभेच होते. डोळे उघडे, पण आमच्यापैकी कुणावर नाहीत.

"धूर कुठून येतोय?" त्यांनी विचारलं.

"उदबत्त्या आहेत, काका," लेंग म्हणाला.

"उदबत्तीचा नाही. पाइनचा. उभी झाडं जळल्याचा." त्यांचा आवाज खालच्या पट्टीत, लांबून आल्यासारखा. हा आवाज मला काढता येत नाही. प्रयत्नही केलेला नाही. "ती चालत नाहीये. फ्रेझ्नोच्या वेशीपासून वर वळली. सगळी काळी झाडं आहेत. इथे घर नाही, नुसत्या पायऱ्या आहेत. तीन पायऱ्या. ती त्या पायऱ्यांवर बसलीये आणि उठत नाही. लेंग, ही जागा तू मला सांगितली नाहीस."

"अशी जागाच नाही," लेंग म्हणाला. त्याआधी त्याने तीनदा खाकरलं.

आजोबांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. माझी आजी धावत गेली, तिने त्यांचे पाय धरले आणि हात झटकन मागे घेतले. "बर्फ झालेत," म्हणाली. "लवकर करा रे कुणीतरी. हेही तिथेच उभे आहेत."

"काय म्हणताहेत ते?" बाईंनी विचारलं.

मावशीने ह्या खेपेस एकही शब्द गाळला नाही. धूर, काळी झाडं, तीन पायऱ्या, घर नाही.

बेडरोसियनबाईंनी मांडीवरची फाइल उघडली. त्यांनी फायलीतून परत आलेलं ते पाकीट काढलं आणि मावशीच्या हातात ठेवलं. ब्लिया आजीने चार वर्षांपूर्वी काम धरताना फॉर्मवर स्वतःच्या हाताने जो पत्ता लिहिला होता तोच वर होता: हॉर्नेट रिज रोड. वर डोंगरात, इथून दीड तास. मागच्या बाजूला पोस्टमनने पेन्सिलीने लिहिलं होतं, "घर वणव्यात जळालं. फक्त पायऱ्या आहेत."

मावशीने ते मोठ्याने वाचलं.

लेंग खाली बसला. पांढरं फडकं काढून त्याने तोंडाशी धरलं आणि सांगायला लागला, तेव्हा एकदाही खाकरला नाही. बायकोचं आणि आईचं पटेना. एक दिवस तोच आईला म्हणाला होता, तुला इथे राहायचं तर तोंड बंद ठेव. आईने तोंड बंद ठेवलं, पिशवी भरली आणि डोंगरात एक जुनं चाकांवरचं घर भाड्याने घेऊन एकटी राहिली. अकरा महिने. मोहरीची भाजी लावली, कागदाच्या घड्या घातल्या, आठवड्यातून एकदा पोती भरून हॉलवर आणून टाकली. लेंगने लोकांना सांगितलं, आई स्टॉकटनला बहिणीकडे आहे. मग वणवा आला, घर गेलं, ती परत आली आणि त्या जागेचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

"आता काढ," आजोबा म्हणाले. "तिच्या पायाशी जाऊन काढ. घाई कर."

लेंग गुडघ्यांवर सरकत गेला. हॉर्नेट रिज, तो म्हणाला. आई, तू हॉर्नेट रिजला राहिलीस. मी तुला घालवलं म्हणून राहिलीस. तिथल्या राखणदारा, तू माझ्या आईला पाणी दिलंस, जळण दिलंस, अकरा महिने सांभाळलंस, जे मी केलं नाही. त्याने तीनदा डोकं जमिनीला टेकवलं.

आजोबांनी खेंग तोंडाला लावला. पहिला सूर आला तेव्हा उशाशी बांधलेला कोंबडा उठून उभा राहिला. ढोलावर थाप पडली. माझ्या शेजारच्या बाईने दीर्घ श्वास घेतला, आणि मला कळलं की मीही इतका वेळ घेतला नव्हता.

बेडरोसियनबाईंनी पाकीट परत घेऊन फायलीत ठेवलं. मग त्यांनी मावशीला विचारलं, "तुम्ही थांबायला सांगितल्यावर ते किती मिनिटांनी थांबले?"

"बघितलं नाही हो मी."

"मी बघितलं. बावीस. आणि का थांबले?"

"ती थांबली म्हणून," मावशी म्हणाली.

बाईंनी आधी लिहिलेली एक ओळ खोडली आणि त्याखाली दुसरी लिहिली. टक्.

दीड महिन्याने निकालाचं पत्र आलं. स्वयंपाकीण, झाडूवाला आणि कागदाच्या घड्या घालणाऱ्या बायका हॉलच्या नोकर ठरल्या. त्यांचा मागचा कर एकोणीस हजार डॉलर, हप्त्याने भरायचा. खेंगवाले आणि ढोलवाले नोकर नाहीत, स्वतंत्र. मात्र पुढे त्यांचे चेक मावशीने फाडायचे नाहीत, घरच्यांनी स्वतः हातात द्यायचं. म्हणजे पुन्हा गुडघ्यावर बसून, पूर्वीसारखं. गाड्या धुणारा दुसरी जागा शोधायला गेला.

"मग माझा मालक कोण ठरला?" आजोबांनी विचारलं. ते अंगणात बसून कांदा चिरत होते.

मावशीने पत्र वाचून दाखवलं. काम कुणाच्या सूचनेने चालतं ह्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: कुटुंब व इतर.

"इतर," आजोबा म्हणाले. "बाई हुशार आहे."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण एप्रिलमध्ये मावशीकडे बेडरोसियनबाईंचा फोन आला. आजोबा तिथेच होते आणि मी त्यांना न्यायला गेले होते, म्हणून ऐकलं. फोन मोठ्या आवाजावर होता. बाई नेहमीसारखं तोलून बोलत नव्हत्या, वाक्य अर्ध्यात सोडत होत्या. नियमाप्रमाणे निकालाची प्रत प्रत्येक कामगाराच्या शेवटच्या पत्त्यावर जाते. ब्लिया खांग यांचीही गेली, हॉर्नेट रिजला, कारण नोंदीत तोच पत्ता होता आणि कुणी बदलला नव्हता. पहिलं पाकीट नवव्या दिवशी परत आलं होतं.

"आणि हे?" मावशीने विचारलं.

"हे आलंच नाही. सात आठवडे झाले. मी पोस्टात विचारलं. त्यांच्याकडे नोंद आहे." बाई थांबल्या. "दिलं, अशी नोंद आहे."

मावशीने आजोबांना सांगितलं. आजोबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "तिथल्या राखणदाराने घेतलं असेल," ते म्हणाले. "आधी त्याला कुणी विचारत नव्हतं, तो कशाला घेईल? आता त्याचे आभार मानले ना आपण."

मावशीने तेही बाईंना सांगितलं, शब्दन् शब्द. फोनमधून टक् सुद्धा नाही.

आजोबांनी टोपी घातली, उठले आणि दारापाशी जाऊन वळले. "पाहुआ, तिला म्हणावं, तिथे आणखी काही पाठवू नकोस. उगाच उत्तर यायचं."